जड म्हणजे किती?

प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडच्या एका मुलाने विचारला. वर्गात नाही, प्रॅक्टिकल संपल्यावर बेसिनपाशी ब्युरेट धुता धुता. “मॅडम, आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. आई म्हणते, पाणी जड आहे. जड म्हणजे किती?”

बाजूची दोघं हसली. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, अणुभट्टीतलं. कुहीच्या बोअरला ते कुठून यायचं? त्याच्या आईचं जड पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी, ज्यात साबणाला फेस धरत नाही. मुलगा ओशाळला, ब्युरेट स्टँडला उलटी लावून निघून गेला. मी मात्र त्या ‘किती’पाशी अडकले. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार किती, हे काढायचा प्रयोग आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये आहेच. त्या मुलाने तो केला होता, जर्नलवर सही माझीच होती. पण ते पाणी आम्हीच सकाळी बाटलीत बनवून ठेवलेलं, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या काकांच्या वहीत आधीच लिहिलेलं. आपण टेबलावर जे मोजलं तेच आई घरी म्हणते, हा धागा त्याच्या हाती कुणी दिलाच नव्हता.

हे प्रकरण त्या प्रश्नापासून पुढच्या दीड वर्षाचं आहे. मी नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. महाविद्यालयाचं नाव आणि मुलांची नावं इथे देत नाही. हजेरी घेताना माझ्या मनात मुलं गावा-मोहल्ल्यावरूनच उमटतात, तशीच इथेही येतील: कुहीचा, काटोलची, महालची, हिंगण्याचा.

आदल्या वर्षीचा फसलेला घाट

पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधनाची चव द्यावी, ही कल्पना काही त्या बेसिनपाशी सुचली नव्हती. आदल्या वर्षी एक प्रयत्न झाला होता आणि तो आपटला होता. बारावीच्या गुणांची यादी लावून वरची सहा मुलं निवडली. विषय मी दिला: कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अर्क ओतला, थोड्या वेळात रंग पिवळसर होत तपकिरी झाला, मुलांनी फोटो काढले, टाळ्या झाल्या. पुढे काय? कण झाले की नाही हे पाहायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. आमचा कपाटात होता, कपाटाची किल्ली एकाकडे, वापराच्या रजिस्टरची दुसऱ्याकडे. रंग का बदलला, पाला जास्त घातला तर काय होईल, यातल्या एकाही प्रश्नाला मुलांकडे उत्तर नव्हतं. तेही ठीक. वाईट हे की एकालाही तो प्रश्न पडला नव्हता. त्याला संशोधन म्हणणं म्हणजे जादूच्या प्रयोगाला विज्ञान म्हणणं.

दिवाळीपर्यंत सहातले चौघे गळाले. कारण अगदी साधं होतं आणि मला ते आधीच कळायला हवं होतं. नागपुरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेली गुणवंत मुलं पुष्कळदा मनाने ‘नीट’च्या रिपीटर बॅचमध्ये बसलेली असतात. त्यांचं शरीर आमच्याकडे, सकाळ-संध्याकाळ क्लासकडे. त्यांना दोष नाही. पण गुणांच्या यादीने निवड करणं म्हणजे जी मुलं जाणार हे ठरलेलंच आहे, नेमकी त्यांनाच उरलेल्या जागा देणं.

धोरण काय म्हणतं, हेही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवीचा नवा आराखडा डिसेंबर २०२२मध्ये आला आणि संलग्न महाविद्यालयांत आपल्याकडे तो २०२४-२५पासून लागू झाला. त्यात ‘संशोधनासह ऑनर्स’ आहे, पण चौथ्या वर्षाला, तेही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर. म्हणजे कुहीच्या मुलाला ‘जड म्हणजे किती’ हे रीतसर विचारायला तीन वर्षं थांबावं लागणार, आणि दरम्यान टक्के सांभाळावे लागणार. बाहेर हा क्रम उलटा लावून पाहिलेला आहे. अमेरिकेत एमआयटीने १९६९मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पदवीच्या मुलांना चालू संशोधनात घ्यायला सुरुवात केली. १९७८मध्ये पदवी संशोधनासाठी तिथे जी परिषद उभी राहिली, ती लहान महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनीच उभारली. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारात २००५पासून पहिल्या वर्षाच्या मुलांचे गट थेट संशोधनाच्या धाग्याला जोडले जातात. त्यांच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी आहेत, पैसा आहे. आमच्याकडे दोन अनुभवी काका आणि ब्युरेटी. त्यामुळे त्यांची नक्कल करायची नव्हती. फक्त एक गोष्ट उचलायची होती, प्रश्न आधी आणि टक्के नंतर.

शनिवारची किल्ली

दुसऱ्या खेपेला सूचना फलकावर एकच कागद लावला. मराठीत. घरच्या पाण्याबद्दल, स्वयंपाकाबद्दल, शेताबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा. उत्तर नको, गुण लिहू नका. दोन डझनांच्या आसपास चिठ्ठ्या आल्या. काही गुगलवरून उतरवलेल्या, त्या भाषेवरूनच कळत होत्या. काटोलच्या मुलीने लिहिलं होतं: संत्र्याला आंबट-गोड कोण ठरवतं, झाड की पाणी? महालच्या मुलीने लिहिलं: आमच्या नळाला पेंचचं पाणी येतं, मावशीकडे कन्हानचं, तर तिच्याकडे गीझर लवकर का खराब होतो? कुहीच्या मुलाची चिठ्ठीच नव्हती. बोलावलं, तर म्हणाला, “मले वाटलं, मार्कवाल्या पोट्ट्यांचं असंल.” मराठीत लावलेला, गुण लिहू नका म्हणणारा कागदसुद्धा त्याने तसाच वाचला होता.

आठ जण ठरले. निवडले असं म्हणवत नाही, शनिवारी थांबू शकणारे एवढेच होते. ज्यांना दुपारी दुकानात बसायचं होतं, ट्यूशन घ्यायच्या होत्या, त्या मुली-मुलांचे प्रश्न माझ्याकडे चिठ्ठ्यांतच राहिले. ही या प्रकरणातली उघडी बाजू आहे.

विषय एकच ठेवला, पाणी आणि डाळ. कारण त्याला लागणारं सगळं रोजच्या प्रॅक्टिकलमध्येच आहे. ईडीटीए म्हणजे पाण्यातलं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम पकडणारं रसायन. त्याच्या डायसोडियम क्षाराचा रेणुभार ३७२.२४. ०.०१ मोलरचं एक लिटर द्रावण करायला ३.७२ ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅमच्या एका बाटलीत सत्तावीस लिटरच्या जवळपास द्रावण होतं, आणि एका टायट्रेशनला, म्हणजे रंग पलटेपर्यंत ब्युरेटीतून द्रावण सोडून केलेल्या एका मोजणीला, दहा मिलिलिटर धरले तरी अडीच हजारांहून जास्त टायट्रेशनं. हा हिशेब मी मुलांकडूनच करवून घेतला, कारण विभागात पहिला आक्षेप ‘केमिकल वाया जाईल’ हाच येणार होता. आला.

खरी अडचण केमिकलची नव्हतीच, किल्लीची होती. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवायची तर एक काका थांबले पाहिजेत आणि एक शिक्षक. रिक्त जागा भरलेल्या नाहीत, असलेल्या काकांवर तीन प्रयोगशाळा. मोठे काका थांबायला तयार झाले ते माझ्या शब्दाखातर. शिक्षकांत माझ्या जोडीला आली ती तासिका तत्त्वावरची सहकारी. तिला पैसे तासावर मिळतात आणि शनिवारचे हे तास कुठल्याच हिशेबात नव्हते. पहिले चार महिने तिने ते फुकट दिले. त्याबद्दल माझ्या अहवालात एक ओळ होती, ‘सहकाऱ्यांचे मोलाचे सहकार्य लाभले.’ आज ती वाचताना लाज वाटते.

जुळणारी आणि न जुळणारी रीडिंगं

पद्धत सगळ्यांना माहीत होती. पिपेटच्या नळीने मोजून घेतलेलं २५ मिलिलिटर पाणी, अमोनियाचं बफर घालून पीएच दहाच्या आसपास, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा सूचक, आणि लालसर जांभळा रंग निळा होईपर्यंत ईडीटीए. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट, तेव्हा रीडिंगला चाळीसने गुणलं की मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येकाने घरचं पाणी आणायचं. बोअर असेल तर पाच मिनिटं वाहू द्यायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची.

दुसऱ्याच शनिवारी हिंगण्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या वहीत तीन रीडिंगं: ६.४, ६.४, ६.४. पुढच्या नमुन्याला पुन्हा तसंच. इतकं देखणं रीडिंग मला एमएस्सीतही आलं नव्हतं. काकांना विचारलं. ते म्हणाले, “एकच केलं त्यांनी, मॅडम. बाकीचं पेनानं केलं.”

मी रागावले. मग घरी आल्यावर विचार केला, हे त्यांना शिकवलं कुणी? ‘कॉन्कॉर्डंट रीडिंग’ नसेल तर जर्नलवर सही नाही, हा नियम आमचाच. तीन सारखी रीडिंगं म्हणजे गुण, वेगळी म्हणजे ‘पुन्हा कर’. बारावीपासून मुलं हेच शिकतात की ब्युरेटीतलं उत्तर नव्हे, सरांच्या वहीतलं उत्तर खरं. पुढच्या शनिवारी मी सांगितलं, इथे कसलेच गुण नाहीत, रीडिंग पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, आणि वही मराठीत लिहिली तरी चालेल. शेवटच्या सवलतीचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. इंग्रजीत ‘द कलर चेंजेस’ एवढंच लिहिणारी काटोलची मुलगी मराठीत लिहू लागली: ‘रंग एकदम बदलला नाही, मधे जांभळट रेंगाळला, हलवल्यावर निळा.’ निरीक्षण तिच्याकडे आधीपासून होतं, लिहायला भाषा नव्हती.

पण हा धडा मी स्वतः अर्धाच शिकले होते. आता मला प्रत्येक वहीचा संशय येऊ लागला. आणि नेमका त्याच काळात कुहीच्या मुलाचा घोळ झाला.

त्याने दोन बाटल्या आणल्या होत्या, एक घरच्या बोअरची, एक गावच्या जुन्या विहिरीची. शनिवारी दोन्ही मोजल्या. बोअर १२.१, विहीर ११.८. म्हणजे ४८४ आणि ४७२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, १०५००च्या २०१२च्या आवृत्तीत, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. दोन्ही पाणी मधल्या पट्ट्यात. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने हौसेने पुन्हा मोजलं. बोअर १२.१. विहीर १०.३. तिनदा केलं, १०.३, १०.४, १०.३. त्याने सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी काय म्हणावं? “पिपेट नीट धरायला शीक. आणि सोमवारी घाईत कशाला केलंस?”

तो काही बोलला नाही. पुढचे दोन शनिवार आला नाही.

उलगडा केला काकांनी. बाटल्या धुताना ते मला हाक मारून म्हणाले, “मॅडम, ही एकच बाटली धुतल्या जात नाही. पांढरं धरलं आहे.” विहिरीच्या पाण्याच्या बाटलीत, आतून, पाण्याच्या पातळीला पांढुरकी रेघ आणि तळाशी पातळ साय. सौम्य आम्ल टाकलं तर फसफसलं. बोअरच्या बाटलीत असलं काही नाही.

रसायनशास्त्र शिकवून वीस वर्षं झालेल्या बाईला हे बाटली पाहिल्यावर कळावं! जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याच्या जोरावर कॅल्शिअम बायकार्बोनेट पाण्यात टिकून राहतं. पाणी वर आलं, पहिल्या मोजणीनंतर बाटली अर्धी झाली, दोन दिवस नागपूरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात उभी राहिली, वायू निघून गेला आणि कॅल्शिअम कार्बोनेट काचेला जाऊन बसलं. पाण्यातलं कॅल्शिअम खरंच कमी झालं होतं. पिपेट बरोबर होती. रीडिंग बरोबर होतं. चूक होतं ते माझं वाक्य.

मी फोन केला. मनातल्या मनात माफीचं भाषण तयार होतं. तो म्हणाला, “नाही मॅडम, तसं काही नाही. सोयाबीनची सोंगणी करून राहिलो होतो.” आणि जरा थांबून, “पण पिपेट मी नीटच धरली होती.”

डाळीकडे

आता गंमत अशी, की गावात डाळ विहिरीच्या पाण्यात शिजते, बोअरच्या पाण्यात शिजत नाही. आणि कठीणपणा दोन्हींचा जवळपास सारखा. म्हणजे ‘जड म्हणजे किती’ याचं उत्तर आम्ही आकड्यात काढलं होतं आणि ते उत्तर आईच्या प्रश्नाचं नव्हतं. इथे पहिल्यांदा मुलं माझ्याकडे न बघता आपसांत बोलू लागली. एकाने विचारलं, मग कठीणपणा मोजून फायदा काय? दुसरी म्हणाली, कठीणपणा एकच प्रकारचा नसतो न.

तात्पुरता आणि कायमचा कठीणपणा ही व्याख्या सगळ्यांना पाठ होती. दोन मार्कांचा प्रश्न. तात्पुरता बायकार्बोनेटचा, उकळल्यावर जातो; कायमचा क्लोराइड-सल्फेटचा, जात नाही. दोन्ही पाणी अर्धा तास उकळून, गार करून, आटलेलं डिस्टिल्ड पाण्याने भरून काढून, गाळून पुन्हा टायट्रेट केलं. विहिरीचं रीडिंग निम्म्याहून खाली आलं, बोअरचं जागचं हललं नाही म्हणावं इतपत. बाटलीतली पांढरी रेघ आणि न शिजणारी डाळ ही दोन कोडी एकाच उत्तराची निघाली. हे मी सांगितलं नाही. महालच्या मुलीने फळ्यावर दोन बाटल्या काढल्या आणि बाण जोडला.

डाळ ‘शिजली’ हे मात्र मोजायचं कसं? यावर तीन शनिवार गेले आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं अस्सल संशोधन तेच. पहिला प्रयोग कुकरमध्ये. दोन्ही पाण्यातली डाळ मऊ, फरक शून्य. दाबाखालच्या तापमानात सगळंच शिजतं. (हिंगण्याचा म्हणाला, मग कुकर घ्या न गावाले, संशोधन कायले?) मग उघड्या पातेल्यात. आमच्या बीकरमध्ये नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी बीकरमधला दाणा तोंडात टाकताना मी पाहिलं आणि माझे हात गार पडले. त्या बीकरमध्ये काल काय होतं, कुणास ठाऊक. त्यानंतर डाळीचं काम गृहअर्थशास्त्र विभागाच्या शेगडीवर, घरून आणलेल्या स्टीलच्या सारख्या पातेल्यांत, चाखणं बंद. आता बोटाने दाबून पाहायचं, तर प्रत्येकाचं बोट वेगळं.

तोड महालच्या मुलीने काढली, पुरणाच्या चाळणीवरून. तिच्या आईचं म्हणणं, डाळ शिजली की चाळणीतून उतरते, नाही शिजली की वर राहते. झालं मोजमाप! दहा ग्रॅम तुरीची डाळ, एकाच पोत्यातली. तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. आटलेलं पाणी उकळत्या डिस्टिल्ड पाण्याने भरून काढायचं, म्हणजे क्षारांची तीव्रता वाढणार नाही. मग चाळणीवर ओतायचं, ठरावीक पाण्याने धुवायचं, वर राहिलेलं ओव्हनमध्ये वाळवून वजन. जितकं जास्त वर राहिलं तितकी डाळ कच्ची. बोअरच्या पाण्यातलं वजन प्रत्येक खेपेला जास्त भरलं. वेगवेगळ्या दिवशीचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हते आणि आता त्याची कुणाला भीतीही नव्हती. प्रत्येक रीडिंगपुढे तारीख, वेळ आणि ‘बाटली कधी भरली’ हा रकाना आला होता.

कारण त्यांनी शोधलं, मी पुस्तकं दिली. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, विटांमधल्या चुन्यासारख्या. शिजणं म्हणजे तो चुना सुटणं. पाण्यातलं कॅल्शिअम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं, चुना पक्का होतो. विहिरीच्या पाण्यात उकळता उकळता कॅल्शिअम बरंचसं खाली बसतं, शिवाय बायकार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी होत जातं आणि अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर तुटतं. पीएच कागदाने ते दिसलंही. खाण्याचा सोडा टाकला की डाळ मऊ होते, ते याच दोन कारणांनी. फार टाकला तर चव साबणासारखी होते आणि ब-१ जीवनसत्त्वही नासतं.

ताळा पाहण्यासाठी डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शिअम क्लोराइड विरघळवून कृत्रिम बोअरचं पाणी केलं, तर नवीनच खोडा. एंड पॉइंट, म्हणजे रंग पलटायची घडी, येईचना. रंग लाल-जांभळ्यात रेंगाळत राहिला. आठही जणांनी पिपेटी तपासल्या, बफर नवीन केलं. काटोलच्या मुलीने तीन महिन्यांपूर्वीची वही उघडून दाखवलं की घरच्या पाण्यात रंग ‘हलवल्यावर निळा’ व्हायचा, मग इथे का नाही? या पाण्यात काय नाही, जे त्या पाण्यात होतं? मॅग्नेशिअम. एरिओक्रोम ब्लॅक टी कॅल्शिअमला सैल धरतो, मॅग्नेशिअमला घट्ट. मॅग्नेशिअम अजिबात नसेल तर रंगाचा पलटा स्वच्छ येत नाही. एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने मॅग्नेशिअम-ईडीटीएचे काही थेंब घालून दाखवले आणि निळा लख्ख आला. हे विश्लेषणाच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण काटोलच्या मुलीने ते आधी आपल्या वहीत वाचलं.

हिशेब

आठातले पाच टिकले. दोघे परीक्षेनंतर आले नाहीत, एकीचं कुटुंब अमरावतीला गेलं. डिसेंबरमध्ये तर तसाही खोळंबा होतो. अधिवेशन असतं, मोर्चे असतात, बर्डीच्या आसपास बस अडकली की कुहीच्या मुलाला गणेशपेठच्या स्थानकावरून पुढची गाडी मिळायची नाही. दोन शनिवार आम्ही त्याच्यासाठी काम सकाळी लावलं.

‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या महाविद्यालयीन फेरीत या मुलांनी पोस्टर मांडलं. परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय आहे? प्रश्न रास्त होता. कॅल्शिअम आणि पेक्टिनचं नातं जगाला ठाऊक आहे. कुहीचा म्हणाला, “सर, आमच्या गावची विहीर कुणी मोजली नव्हती.” पुढच्या फेरीला निवड झाली नाही, नॅनोकणांच्या पोस्टरची झाली. मला वाईट वाटलं, मुलांना माझ्यापेक्षा कमी.

गावाचं म्हणाल, तर त्याने घरी जाऊन आईला सगळं समजावलं: कोणत्या पाण्यात काय आहे, डाळ का शिजत नाही. आई म्हणाली, “म्हणूनच त डाळीपुरतं विहिरीवरून आणतो न.” तिने हे कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. पण तिने पुढे एक विचारलं, बोअरचं पाणी उकळून निवळून घेतलं तर जमेल का? मुलाकडे उत्तर तयार होतं, उकळलेल्या बोअरचं रीडिंग वहीत होतं. जमणार नाही.

हिंगण्याचा, तीनदा ६.४ लिहिणारा, आता तिसऱ्या सत्रात आहे. परवा कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं: “अबे, संशोधन नीरीत होते, आपल्या इथं प्रॅक्टिकल होते.” १९५८पासून नागपुरात असलेली ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था इथल्या मुलांना रोज बसमधून दिसते आणि संशोधन त्या भिंतीच्या आतच असतं असं वाटतं. हा पोट्टा ते चिडवायला म्हणत होता, की अजून तसंच मानतो, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

यंदा दुसरी तुकडी आहे, सहा जणांची. पूर्व विदर्भाचं पाणी आणि पश्चिमेकडच्या बेसाल्ट या काळ्या खडकावरचं पाणी वेगळं असतं का, असं काटोलच्या मुलीच्या डोक्यात आहे. नागपूर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व काठावरच बसलेलं असल्यामुळे प्रश्न चांगला आहे. तिच्याकडे बाटल्या मात्र नऊच आहेत आणि नवांवर काही ठरत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

मोठे काका मार्चमध्ये निवृत्त होतात. त्यांच्या जागेचा प्रस्ताव गेला आहे. तासिकेवरच्या सहकारीचे शनिवारचे दोन तास आता हिशेबात धरले जातात, खूप पत्रं लिहिल्यावर. पण रजिस्टरात पहिल्या वर्षाच्या संशोधनाला रकानाच नाही, म्हणून ते ‘उपचारात्मक अध्यापन’ या रकान्यात जातात, जिथे नापास होणाऱ्या मुलांचे जादा तास लिहितात. दर महिन्याच्या अखेरीस ती तिथे तास भरते आणि मी खाली सही करते.